भरतीवर तरंगवलेली सागवानी जहाजं

१८१२ च्या नोव्हेंबरात ‘जावा’ नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे निघालं. त्यावर लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते. मुंबईच्या फौजेची सूत्रं हाती घ्यायला ते येत होते. (हेच हिस्लॉप पाच वर्षांनी महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले.) जहाजात तांब्याचे पत्रे होते, आणि मुंबईच्या गोदीत बांधायच्या जहाजांचे नकाशेही होते. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’शी गाठ पडली. संध्याकाळपर्यंत ‘जावा’ची एकही डोलकाठी उभी राहिली नाही. ओढून नेण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून अमेरिकनांनी जहाज जाळून टाकलं. त्याआधी त्याचं सुकाणूचं चाक मात्र काढून घेतलं, कारण त्यांचं स्वतःचं चाक तोफेच्या माऱ्यात उडालं होतं. हिस्लॉप वाचले. नकाशे आणि तांबं गेलं.

इकडे मुंबईत ‘वेलस्ली’ नावाचं ७४ तोफांचं जहाज बांधायचं होतं. त्याचा नकाशाच बुडाल्यामुळे शेवटी ते शेजारच्या ‘कॉर्नवॉलिस’च्या आराखड्यावर बांधलं गेलं. समोर असलेल्या जहाजाबरहुकूम दुसरं जहाज उभं करायचं, आणि तेही ७४ तोफांचं, हे काम जिथल्या सुतारांवर निर्धास्त सोपवता येत होतं अशा गोद्या तेव्हा जगात फार नव्हत्या.

इंग्लंडच्या आरमाराला मुंबईला यावं लागलं ते लाकडासाठी. ७४ तोफांच्या एका जहाजाला साधारण दोन हजार ओक वृक्ष लागत, असं म्हणतात. नेपोलियनशी वर्षानुवर्षं लढताना इंग्लंडमधले पक्के, वाळलेले ओक संपत आले आणि ओलं लाकूड वापरायची वेळ आली. ओल्या लाकडाला बुरशी धरते. १८१० साली पाण्यात उतरवलेलं ‘क्वीन शार्लट’ हे शंभर तोफांचं मोठं जहाज समुद्रावर कामगिरीला जाण्याआधीच इतकं कुजलं, की त्याची मोठी डागडुजी करावी लागली. मुंबईत सागवान होतं. पण सागवान मलबारातही होतं आणि ब्रह्मदेशातही. मुंबईकडे आणखी एक गोष्ट होती, आणि ती फुकट मिळत होती. ती म्हणजे भरती-ओहोटी.

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांमध्ये चार-पाच मीटरचा फरक पडतो. मद्रासच्या किनाऱ्यावर हा फरक जेमतेम मीटरभर असतो. सुकी गोदी म्हणजे किनाऱ्यात खोदलेलं, दगडाने बांधून काढलेलं लांबट कुंड. समुद्राकडच्या तोंडाला दोन भक्कम दरवाजे, आणि ते मिटले की त्यांचा कोन समुद्राच्या बाजूला येईल अशी त्यांची बसवणूक. बाहेरून पाणी जितकं रेटेल तितके दरवाजे एकमेकांवर घट्ट बसतात. भरतीला दरवाजे उघडे ठेवायचे, जहाज आत घ्यायचं, ओहोटी लागली की पाणी आपसूक बाहेर जाऊ द्यायचं आणि मग दरवाजे बंद करायचे. तळाशी राहिलेलं थोडं पाणी उपसलं की जहाज कोरड्या जमिनीवर, टेकूंवर उभं. जिथे भरती कमी तिथे हेच सगळं पाणी पंपाने किंवा माणसं लावून उपसावं लागतं. मुंबईत हे काम चंद्र करत होता.

ईस्ट इंडिया कंपनीने १७५० साली मुंबईत अशी पहिली गोदी बांधली; आशियातली ती पहिली सुकी गोदी मानली जाते. १७६० च्या दशकात तिला जोडून आणखी दोन झाल्या. या गोद्या दुरुस्तीला ठीक होत्या, पण ७४ तोफांच्या जहाजाला अपुऱ्या पडत. म्हणून १८०७ ते १८१० या काळात नवी मोठी गोदी खणली गेली आणि गव्हर्नर जोनाथन डंकन यांचं नाव तिला मिळालं. ती आजही आहे, नौदलाच्या हद्दीत आहे आणि वापरात आहे.

गोदी होण्याआधी माणूस आला होता. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे पारशी सुतार १७३६ च्या सुमारास मोजके कारागीर घेऊन मुंबईला आले आणि कंपनीच्या गोदीत रुजू झाले. पुढची दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीचं मुख्य बांधकाम त्यांच्याच घराण्याच्या हाती राहिलं. आपल्या गोष्टीत महत्त्वाचे आहेत ते लवजींचे नातू जमशेटजी बमनजी. ते १७९२ ते १८२१ या काळात मुख्य बांधणीकार होते. ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात त्यांचं तैलचित्र आहे: पांढरा अंगरखा, हातात कंपास, समोर जहाजाचा नकाशा, कमरेला चांदीची मोजपट्टी आणि मागे खिडकीतून दिसणारं जहाज. साहेबी चित्रकारांनी काढलेल्या चित्रांतून हिंदी माणसं सहसा नोकर म्हणून कोपऱ्यात उभी दिसतात. हे चित्र त्याला अपवाद आहे.

आता जहाज कसं बांधलं जायचं ते पाहू. सुरुवात जंगलातून होते.

ताजं सागवान पाण्यात बुडतं. ते नदीतून वाहून आणायचं तर आधी वाळवावं लागतं, आणि त्याची जुनी रीत म्हणजे झाड उभं असतानाच वाळवणं. बुंध्याभोवती साल आणि आतलं कोवळं लाकूड कापून एक कडं पाडतात. वर रस चढणं थांबतं, झाड उभ्या उभ्या मरतं आणि दोनेक वर्षांनी तोडतात तेव्हा ते हलकं आणि पक्कं झालेलं असतं. मुंबईला असा माल मुख्यतः मलबारातून समुद्रमार्गे येई, काही उत्तर कोकणातून. मागणी इतकी वाढली, की कंपनीने १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमलं आणि सागावर मक्ता बसवला. लोकांना आपल्या परड्यातलं झाड तोडायलाही मनाई झाली. ओरड वाढल्यावर १८२३ मध्ये ते पद रद्द झालं, पण तोवर जंगल बरंच ओसाड झालं होतं. पुढे १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी नीलांबूरला सागाची लागवड सुरू केली, चाथू मेनन यांच्या देखरेखीखाली. ती जगातल्या सर्वांत जुन्या सागलागवडींपैकी एक. ती झाडं जहाजाजोगी होईपर्यंत जहाजं लोखंडाची झाली.

सागाचा मोठा गुण म्हणजे त्यातलं तेल. ओकच्या लाकडात आम्ल असतं. ते लोखंडी खिळा हळूहळू खातं. खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि एक दिवस फळी सुटते. सागात उलट होतं. तेल लोखंडाला धरून राहतं आणि गंज लांबतो. वाळवी सागाला सहसा लागत नाही, आणि उन्हापावसात तो ओकपेक्षा कमी आक्रसतो, कमी फुगतो. जहाजबांधणीत हा शेवटचा गुण फार मोलाचा, कारण हजारो सांध्यांपैकी एकेक सांधा केसभर हलला तरी पाणी आत येतं.

लंडनहून आलेला नकाशा लहान असायचा: एका फुटाला पाव इंच, म्हणजे खऱ्या मापाच्या अठ्ठेचाळिसावा भाग. त्यावरून थेट लाकूड कापता येत नाही. म्हणून मोठ्या लांब खोलीच्या सपाट जमिनीवर जहाजाच्या रेषा पूर्ण मापात पुन्हा काढायच्या. नकाशात नजरेला न दिसलेली चूक इथे वाकडी रेघ होऊन समोर येते आणि सुतार ती तिथेच दुरुस्त करतात. मग त्या रेषांवरून पातळ फळ्यांचे फर्मे कापायचे, ते घेऊन लाकडाच्या आवारात जायचं आणि प्रत्येक फर्म्याला साजेसा ओंडका शोधायचा. वाकडा तुकडा हवा असेल तर सरळ लाकूड कापून वाकडं करत नाहीत. तसं केलं तर रेषा तुटतात आणि तुकडा ताणाला फाटतो. मुळातच तसं वाकलेलं झाड, फांदीचा बेचका किंवा मुळाचा खांदा निवडतात. चांगला मिस्त्री जंगलात उभ्या झाडाकडे पाहून त्यातून जहाजाचा कुठला तुकडा निघेल ते सांगे.

गोदीच्या तळावर टेकूंच्या रांगेवर आधी जहाजाचा कणा बसतो. कोकणातले होडीवाले त्याला पठाण म्हणतात. वाडियांच्या गोदीत पठाण बसवताना त्यात चांदीचा खिळा ठोकण्याची रीत होती. ‘ट्रिंकोमाली’ या ३८ तोफांच्या जहाजासाठी १८१६ च्या उन्हाळ्यात हा विधी झाला. मग पुढे नाळ, मागे सुकाणूचा खांब, आणि दोन्हींच्या मध्ये बरगड्यांच्या जोड्या. एवढी मोठी बरगडी एका झाडातून निघत नाही. चार-पाच तुकडे जोडून ती होते, आणि एका बरगडीचा सांधा शेजारच्या बरगडीच्या सांध्यासमोर येऊ नये याची खबरदारी घ्यावी लागते. सांगाडा उभा राहिला की तो काही महिने तसाच ठेवणं चांगलं. लाकूड आपापल्या जागी बसतं. युद्धाच्या घाईत इंग्लंडच्या गोद्यांना ही सवड नसायची.

पुढचं काम फळ्यांचं, आणि सुरत-मुंबईच्या सुतारांची खरी करामत इथे. युरोपात फळ्यांच्या कडा सरळ ठेवून एकीशेजारी दुसरी लावत आणि मधल्या फटीत जुन्या दोरखंडांचा उकललेला काथ्या हातोड्याने ठासून वर डांबर ओतत. इकडच्या सुतारांची जुनी पद्धत वेगळी. फळीच्या कडेला पायरीसारखी खाच घ्यायची, शेजारच्या फळीला तिच्या उलट खाच घ्यायची आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. मध्ये कापूस आणि राळ. खाच बसते आहे की नाही हे पाहायला एका कडेला रंग लावून फळी चिकटवायची, काढायची, जिथे रंग लागला तो उंचवटा तासायचा, पुन्हा चिकटवायची. वेळ खाणारं काम आहे, पण एकदा बसलेली अशी फळी मागून सहसा निघत नाही. आरमारी जहाजांचा नकाशा लंडनचा असला तरी हात याच सुतारांचे होते. अठराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी सुरतेची जहाजं शंभर वर्षं टिकतात असं लिहून ठेवलंय. त्यातली अतिशयोक्ती वजा केली तरी बरंच उरतं.

पाण्याखालच्या भागाची चिंता वेगळी. उष्ण समुद्रात एक लांबट, अळीसारखा शिंपल्यांचा भाऊबंद असतो; तो लाकडात बोगदे पाडत जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इकडची गलबतं त्यावर चुना आणि तेल मळून जाड लेप देत आणि दरवर्षी किनाऱ्यावर ओढून तो नव्याने चढवत. आरमाराने १७७० च्या दशकाच्या अखेरीपासून तांब्याचे पत्रे लावायला सुरुवात केली. तांबं खाऱ्या पाण्यात किंचित विरघळत राहतं आणि ते कणभर विष शिंपल्यांना, शेवाळाला, किड्याला नकोसं होतं. तळ स्वच्छ म्हणून वेगही वाढला. पण तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांजवळ आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि लोखंड झपाट्याने झिजतं. पत्रे ठाकठीक आणि आतले खिळे भुगा, अशी जहाजं बुडाल्यावर हे कळलं, आणि मग पाण्याखालचे खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे झाले. ‘जावा’वर पत्रे भरून पाठवायचं कारण हे.

सर्वसाधारणपणे जहाज उतारावर बांधून मागच्या बाजूने पाण्यात घसरवतात. त्यात एक क्षण वाईट असतो: मागचा भाग तरंगायला लागलेला, पुढचा अजून उतारावर टेकलेला, आणि मधला कणा दोघांच्या ताणात. मुंबईत मोठी जहाजं गोदीतच बांधत. उधाणाचा दिवस ठरवायचा, दरवाजे उघडायचे, पाणी आत यायचं, जहाज सगळीकडून सारखंच हळूहळू उचललं जायचं आणि मग दोरखंडांनी ओढून बाहेर. १९ जून १८१० रोजी डंकन गोदीतून अशाच रीतीने ‘मिंडेन’ बाहेर पडलं. ब्रिटनबाहेर बांधलेलं ब्रिटिश आरमाराचं ते पहिलं ७४ तोफांचं जहाज. तो दिवस चुकला तर पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे साधारण पंधरवडाभर, थांबावं लागे. भांगाच्या दिवसांत एवढं जहाज गोदीचा उंबरठा ओलांडू शकत नसे.

‘मिंडेन’बद्दल एक गोष्ट आपल्याकडे वारंवार छापली जाते: अमेरिकेचं राष्ट्रगीत फ्रान्सिस स्कॉट की यांनी याच मुंबईच्या जहाजावर लिहिलं. ऐकायला छान आहे. पण १८१४ मध्ये बॉल्टिमोरचा तोफमारा पाहताना की हे ब्रिटिश जहाजावर नव्हतेच. कैद्याच्या सुटकेची बोलणी करायला आणलेल्या, पांढरं निशाण लावलेल्या अमेरिकन जहाजावर ते होते. ‘मिंडेन’ला या उसन्या कीर्तीची गरज नाही. १८११ मध्ये ते जावा बेटाच्या मोहिमेत होतं, १८१६ मध्ये अल्जीअर्सच्या तोफमाऱ्यात होतं, पुढे हाँगकाँगला तरंगतं इस्पितळ झालं, आणि तिथल्या चिम शा चुई भागात आजही त्याच्या नावाचा रस्ता आहे.

बाकीच्यांच्या कहाण्याही तितक्याच विचित्र. साष्टीचं नाव घेतलेलं ‘साल्सेट’ (१८०५) हे आरमारासाठी मुंबईत बांधलेलं पहिलं जहाज. उष्ण कटिबंधातलं लाकूड, पण १८०८ च्या हिवाळ्यात बाल्टिक समुद्रात बर्फात अडकलं. सोबतची अनेक जहाजं गेली, हे वाचलं. दोन वर्षांनी त्याच जहाजाने कवी बायरन इस्तंबूलला चालला होता. वाटेत दार्दानेल्सला नांगर टाकलेला असताना, ३ मे १८१० रोजी, त्याने जहाजावरच्या लेफ्टनंट एकनहेडबरोबर युरोपच्या किनाऱ्यावरून आशियाच्या किनाऱ्यापर्यंत पोहून दाखवलं आणि जन्मभर त्याची फुशारकी मारली. ‘कॉर्नवॉलिस’च्या पाठलागाला घाबरून १८१५ मध्ये अमेरिकेच्या ‘हॉर्नेट’ने स्वतःच्या तोफा समुद्रात फेकल्या आणि हलकं होऊन पळ काढला; गंमत अशी, की युद्ध तेव्हा संपलेलं होतं आणि दोघांपर्यंत बातमी पोचलेली नव्हती. त्याच ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह होऊन अफूचं युद्ध संपलं आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. त्या युद्धामागे मुंबईहून जाणाऱ्या माळवी अफूचाही मोठा वाटा होता. तेव्हा हे जहाज मुंबईचं असणं हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. ८४ तोफांचं ‘एशिया’ हे जमशेटजींचे पुत्र नवरोजी यांनी बांधलं. १८२७ च्या नव्हारिनोच्या लढाईत ते ॲडमिरल कॉड्रिंग्टन यांचं निशाणाचं जहाज होतं. केवळ शिडाच्या जहाजांनी लढलेली ती शेवटची मोठी लढाई.

जमशेटजींना आपल्या कामाची किंमत कळत होती, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची नजरही. कंपनीसाठी त्यांनी १८०० साली बांधलेलं ‘कॉर्नवॉलिस’ याच नावाचं एक आधीचं जहाज होतं. त्याच्या आतल्या कण्यावर त्यांनी इंग्रजीत कोरून ठेवलं होतं, की हे जहाज एका ‘हरामखोर काळ्या माणसाने’ बांधलं. काही वर्षांनी जहाज दुरुस्तीला गोदीत आलं आणि सगळे त्याच्या मजबुतीची तारीफ करू लागले, तेव्हा त्यांनी तो मजकूर दाखवला, असं सांगतात. शिवी त्यांची, सही त्यांचीच.

‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं. सुमारे २३,००० पौंड खर्च. मुख्य मजल्यावर अठरा-अठरा पौंडी गोळ्याच्या २८ तोफा, वर आणखी १८. पण ज्या नेपोलियनसाठी ते बांधलं तो दोन वर्षांपूर्वीच सेंट हेलेनाला पोचला होता. इंग्लंडला जाताना जहाज त्या बेटावर थांबलं आणि नेपोलियनला तपासणारे डॉक्टर स्टोको तिथून त्यावर चढले. पोर्ट्समथला पोचल्यावर १८४५ पर्यंत ते नुसतं राखीव म्हणून बांधून ठेवलेलं होतं. ओकचं जहाज इतकी वर्षं उभं राहिलं असतं तर कदाचित भंगारात गेलं असतं. याच्या तोफा बदलल्या, मागचा भाग नव्याने घडवला आणि ते वेस्ट इंडीजला, मग पॅसिफिकला कामाला लागलं. १८९७ मध्ये भंगारवाल्याकडे गेल्यावर कॉब नावाच्या एका धनिकाने ते विकत घेतलं; त्याचं नेल्सनच्या काळातलं ‘फूड्रॉयंट’ नुकतंच वादळात ब्लॅकपूलला फुटलं होतं, म्हणून त्याने हेच नाव याला दिलं. १९८६ पर्यंत त्यावर मुलांना जहाजाचं शिक्षण मिळत होतं. पुढे हार्टलपूलला त्याची जीर्णोद्धारासारखी दुरुस्ती झाली, जुनं नाव परत मिळालं, आणि आज पाण्यावर तरंगणारं ते ब्रिटनचं सर्वांत जुनं लढाऊ जहाज आहे. मूळ सागवानापैकी निम्म्याहून जास्त अजून जागेवर आहे. त्याच्याहून जुनं तरंगतं लढाऊ जहाज जगात एकच, बोस्टनचं ‘कॉन्स्टिट्यूशन’.

‘वेलस्ली’ १८१५ मध्ये उतरलं. १८३९ मध्ये त्याच्या तोफांनी कराचीचा मनोरा किल्ला घेतला. म्हातारपणी ते टेम्स नदीत मुलांचं शिक्षणजहाज होऊन राहिलं आणि सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडालं. तोफांच्या रांगा असलेलं जुन्या काळचं लढाऊ जहाज विमानाने बुडवल्याचं हे एकमेव उदाहरण. त्याचं सागवान मात्र कुजलेलं नव्हतं. लंडनच्या न्यायालयांच्या दुरुस्तीत त्यातलं काही वापरलं गेलं. आरमाराच्या ‘कॉर्नवॉलिस’चा सांगाडा शीअरनेसला धक्का म्हणून रुतवला होता, तो १९५७ मध्ये, १४४ वर्षांचा असताना, फोडला.